गेलेल्याचा दर ठरतो, राहिलेल्याचं काय?

बेळगाव भागात हल्ली दोन शेतकरी भेटले की पाऊसपाणी नंतर, आधी विचारणार, "काय गा, तुमची किती गेली?" आणि लगेच पाठोपाठ, "गुंठ्याला काय पडलं?" ह्या दोन प्रश्नांची उत्तरं सगळ्यांना तोंडपाठ असतात, कुणाची किती गेली, कुणाला कोर्टातनं वाढवून मिळालं, कुणी त्या पैशात गाडी घेतली, कुणी पोरीचं लग्न उरकलं, सगळं. तिसरा प्रश्न कोण विचारत नाही. राहिली किती, आणि राहिली ती कशी राहिली? माझा सगळा राग त्या तिसऱ्या प्रश्नावर आहे म्हणून लिहायला बसलोय.

बाहेरच्यांसाठी थोडं सांगतो. बेळगावच्या दक्षिणेला शहापूर, वडगाव, अनगोळ, मजगाव, येळ्ळूर हा सगळा भाताचा पट्टा, काळी चिकण जमीन, पावसाळ्यात भात आणि भात निघालं की त्याच ओलीवर मसूर, वाटाणा, हरभरा. बेळगाव बासमती म्हणून जो तांदूळ पूर्वी नावाजलेला होता तो ह्याच शिवारातला. ह्याच शिवारातनं हलगा-मच्छे बायपास काढलाय. लांबीला जेमतेम नऊ-साडेनऊ किलोमीटर, पण त्याच्यावरनं कोर्ट, स्टे, परत काम, परत स्टे असं वर्षानुवर्षं चाललंय. 2021 च्या नोव्हेंबरात पोलीस बंदोबस्तात जेसीबी शेतात घातले तेव्हा पिकं उभी होती. शेतकऱ्यांचा एक मुद्दा तर फार इंटरेस्टिंग होता, की रस्त्याचा झिरो पॉइंट मुळात शहरात फिश मार्केटजवळ होता, तो हलग्याला कुणी आणि कुठल्या नोटिफिकेशनने हलवला ते दाखवा. म्हणजे वाद रस्ता सुरू कुठनं होतो इथपासनं. त्याच्यानंतर रिंगरोड आला, 2022 ला बेळगावात चाबूक मोर्चा निघाला तो त्याच्याच विरोधात. आणि बेळगाव-कित्तूर-धारवाड रेल्वेमार्ग, 73 किलोमीटरचा, त्याच्यात देसूर, गर्लगुंजी, नंदिहळ्ळीकडची पिकाऊ जमीन जातीय म्हणून तिकडचे लोक सांगून दमले की जरा बाजूनं न्या, पडीक माळावरनं न्या.

आमची जमीन ह्यातल्या कुठल्या रस्त्यात गेली ते मुद्दाम लिहीत नाही, प्रकरण चालू आहे. हिशेब एवढा की एक एकर बावीस गुंठे होती, म्हणजे बासष्ट गुंठे. रस्ता तिरका आला आणि मधले चोवीस घेऊन गेला. अलीकडं एकतीस राहिले, पलीकडं सात.

त्या सात गुंठ्यांचं काय करायचं ते सांगा.

एकतर त्यांचा आकार असा की एका टोकाला नांगर फिरतच नाही, कोपरा खोऱ्यानंच काढावा लागतो. पूर्वी घरनं पाणंदीनं निघालं की दहा मिनिटात शेतात. आता भराव मधे, तोही डोक्याच्या वर, आणि खालनं जायचं बोगद्यासारखं जे काय ठेवलंय ते बरंच पुढं. ट्रॅक्टरवाला तासावर पैसे घेतो आणि त्याचं घड्याळ त्याच्या दारातनं निघाल्यापासनं चालू होतं, त्यामुळं सात गुंठ्यांच्या रोटरला जेवढा वेळ लागतो त्याच्या दुप्पट वेळ जाण्यायेण्याचा. गेल्या सुगीत तिकडचं भात कापून भारे डोक्यावरनं भरावावर चढवले आणि ह्या बाजूला उतरवले, थोरला काका सत्तरीच्या पुढचा, तो वर उभा राहून भारे घ्यायचा आणि खाली ढकलायचा. रस्ता तेव्हा चालू झाला नव्हता म्हणून जमलं. चालू झाल्यावर तिथं शंभरच्या स्पीडनं गाड्या, मधे डिव्हायडर, कडेला पत्रा.

आणि गंमत म्हणजे एजंट लोकांचे फोन याच तुकड्यासाठी येतात. "रोड टच आहे की हो तुमचा!" टच आहे खरा. पण रस्त्यावरनं शेतात उतरायला वाट नाही, सर्व्हिस रोड त्या बाजूला नाही, त्यामुळं एजंट एकदा येऊन बघून जातो आणि परत फोन उचलत नाही.

आता कायद्याचं. मी वकील नाही, उद्यमबागेत एका फाउंड्रीत हिशेब लिहितो, पण ह्या प्रकरणात एवढे कागद वाचलेत की आमच्या वकिलापेक्षा कलमं मला जास्त पाठ आहेत असं घरात म्हणतात (वकील पण म्हणतो, पण तो चिडून म्हणतो). नॅशनल हायवेसाठी जमीन घेतात ती 1956 च्या कायद्याखाली. आधी 3ए ची नोटीस, म्हणजे आम्हाला एवढी एवढी जमीन घ्यायचा विचार आहे. मग 21 दिवसात हरकत घ्यायची. मग 3डी. हे 3डी गॅझेटमध्ये छापून आलं की जमीन केंद्र सरकारची, सगळ्या बोज्यातनं मोकळी. तुम्ही त्या दिवशी गुडघाभर चिखलात नट्टी (भाताची रोपं) लावत असाल, बैल तुमचे, रोप तुमचं, मजुरी तुमची, खालची जमीन मात्र सकाळीच गेलेली असते. ताबा नंतर, पैसे जमा केले की साठ दिवसांची नोटीस देऊन घेतात. लोकांना वाटतं जेसीबी आला त्या दिवशी जमीन गेली. जेसीबीपुढं आडवं पडायला सगळं गाव येतं आणि ते बरोबरच आहे, पण त्या 21 दिवसात हरकतीचा कागद द्यायला किती जण गेले होते हे विचारलं की सगळे एकमेकांकडं बघतात.

का जात नाहीत त्यालाही कारण आहे. 3ए ची माहिती दोन स्थानिक पेपरात छापायची आणि त्यातला एक प्रादेशिक भाषेतला हवा असं कायदा म्हणतो. आता प्रादेशिक भाषा कुठली हे बेळगावात विचारायची सोय नाही. आमच्या घरात येतो मराठी पेपर, नोटीस आली कन्नडमध्ये, सर्व्हे नंबरांची लांबच्या लांब यादी, आमचा नंबर त्यात आहे हे आम्हाला कळलं ते शेजारगावच्या एका कन्नड शेतकऱ्यानं सांगितल्यावर. त्याची पण गेली होती, आमच्यापेक्षा जास्त. जमीन घेताना भाषा बघत नाहीत हे त्यातल्या त्यात बरं म्हणायचं. पुढं मोर्चाला तो आणि आम्ही एकत्रच होतो, आणि त्याच्या हातात पिवळालाल झेंडा नव्हता की आमच्या हातात भगवा नव्हता, दोघांच्याही हातात उताऱ्याच्या झेरॉक्स होत्या. हे कुठल्या पेपरात आलं नाही, जाऊदे.

पैशांचं बोलायचं तर 2013 चा भूसंपादन कायदा, 1 जानेवारी 2014 पासनं लागू झालेला, जुन्या 1894 च्या इंग्रजी अमदानीतल्या कायद्यापेक्षा पुष्कळ बरा आहे हे मान्य केलं पाहिजे. बाजारभाव, त्याला खेड्यात शहरापासनं अंतर बघून एक ते दोनचा गुणक, वर शंभर टक्के सोलेशियम, म्हणजे मर्जीविरुद्ध जमीन घेतल्याबद्दलची जादा रक्कम. जुन्यात सोलेशियम तीस टक्केच होतं. आणि हायवेच्या कायद्यात तर मधल्या काळात तेही देत नव्हते, 1997 ला तशी दुरुस्तीच करून ठेवलेली. ती सुप्रीम कोर्टानं 2019 ला तरसेम सिंग केसमध्ये घटनेच्या विरोधात ठरवली, की एकाची जमीन धरणासाठी घेतली तर सोलेशियम आणि दुसऱ्याची हायवेसाठी घेतली तर नाही, हा कुठला न्याय. पंजाबातल्या शेतकऱ्यांनी लढलेल्या केसचा फायदा बेळगावच्या शेतकऱ्याला होतो, हे मला फार आवडतं.

पण "बाजारभाव" काढतात कशावरनं? एकतर सरकारी गाईडलाइन दर, नाहीतर आजूबाजूच्या गेल्या तीन वर्षातल्या खरेदीखतांतल्या वरच्या निम्म्यांची सरासरी. आणि आपल्याकडं खरेदीखतात लिहितात काय? स्टॅम्प ड्यूटी वाचावी म्हणून गाईडलाइनला टेकेल एवढंच, बाकी पिशवीतनं. वीस वर्षं सगळ्या शिवारानं मिळून कागदावर जमीन स्वस्त ठेवली, आणि सरकार घ्यायला आलं तेव्हा म्हणालं, तुमच्याच सह्या आहेत बघा. ह्याच्यावर काय बोलणार. आमच्या बाजूला ज्यानं एकट्यानं खरा आकडा लिहून खरेदी केलेली त्याला तेव्हा सगळे हसलेले. आता त्याच्या खरेदीखताची सर्टिफाइड कॉपी काढायला लाईन.

असो, हे सगळं झालं गेलेल्या चोवीस गुंठ्यांचं. त्याचा दर ठरला, कमी ठरला, वाढवायला आर्बिट्रेशन, म्हणजे लवाद साहेबांपुढं सुनावणी, चालू आहे, त्याला एक रस्ता आहे. राहिलेल्याचं काय?

कायद्यात त्याला जागा नाही असं नाही. हायवेच्या कायद्यात 3जी च्या सातव्या पोटकलमात सरळ लिहिलंय की तुमची ही जमीन तुमच्या बाकीच्या जमिनीपासनं तोडल्यामुळं जे नुकसान होईल ते धरायचं, आणि घेतल्यामुळं तुमच्या दुसऱ्या मिळकतीवर किंवा कमाईवर काही वाईट परिणाम झाला तर तेही धरायचं. 2013 च्या कायद्यात कलम 28 मध्ये तसंच आहे, आणि 1894 च्या कायद्यात सुद्धा होतं. म्हणजे सव्वाशे वर्षं कायद्याला माहीत आहे की जमीन कापली की नुसता कापलेला भाग जात नाही. आमच्या निवाड्याच्या कागदावर त्याचा रकाना होता. रिकामा. आजूबाजूच्या जेवढ्या लोकांचे निवाडे बघितले त्यात एकालाही त्या रकान्यात रुपया नाही, कारण कुणी मागितलाच नाही, आणि न मागता द्यायची पद्धत कुठल्याच ऑफिसात नाही.

ह्याच्यापेक्षा मला जास्त खटकतं ते वेगळंच. समजा तुमचं घर आहे आणि रस्त्यात निम्मं जातंय, तर तुम्ही भूसंपादनाच्या कायद्यात म्हणू शकता की निम्मं नको, घ्यायचं तर अख्खं घ्या. घर, इमारत, कारखाना ह्यांना तो हक्क आहे. 1894 ला कलम 49 होतं, आता 94 आहे. शेताला नाही! शेत तोडल्याबद्दल तुम्ही फार पैसे मागायला लागलात असं सरकारला वाटलं तर सरकार म्हणू शकतं, की मग सगळीच घेतो. मर्जी त्यांची. शेतकरी स्वतःहून म्हणू शकत नाही की साहेब हे सात गुंठे पण घेऊन टाका, माझ्या काही कामाचे नाहीत. ज्यानं कुणी हे लिहिलं त्याला अर्ध्या घरात माणूस राहू शकत नाही हे समजलं, अर्ध्या वाफ्यात भात राहू शकत नाही हे समजलं नाही.

आणि सुपीक जमिनीचं. 2013 चा कायदा आला तेव्हा आमच्याकडं पेपरात मोठं आलेलं की आता बागायती, दोन पिकं देणारी जमीन शेवटचा उपाय म्हणूनच घेता येणार. कलम 10. ते खरंच आहे तिथं. फक्त त्याच कलमाच्या शेवटी आहे की रेल्वे, हायवे, कालवे, विजेच्या लाईनी अशा लांबट प्रकल्पांना हे लागू नाही. म्हणजे आमच्याकडं जे जे येतं त्याला काहीच लागू नाही. सामाजिक परिणामांचा अभ्यास करायचा ते प्रकरण पण हायवेच्या कायद्याखाली घेतलं की लागत नाही. पैसे नव्या कायद्याचे, पद्धत जुनी.

मधे एक आमच्या घरचं सांगतो, कारण राहिलेल्या जमिनीचं भाऊबंदकीत काय होतं ते पुस्तकात सापडत नाही. चेक वाटायच्या आधी वंशावळ लागते. आज्जाच्या नावावरची जमीन, त्याला तीन पोरगे, दोन पोरी. धाकटी आत्ती चंदगडकडं दिलेली. एवढी वर्षं उतारा तीन भावांच्या नावावर होता, आत्तीनं कधी विषय काढला नव्हता, ती गणपतीला यायची, नव्या तांदळाची पिशवी घेऊन जायची. सहीसाठी आम्ही तिच्याकडं गेलो. काकाला वाटलं हक्कसोड करून देईल. तिनं चहा दिला, कागद चष्मा लावून सगळा वाचला, आणि म्हणाली, "दाद्या, माझा वाटा किती होतोय ते आधी सांग."

काका काही बोललाच नाही. मी म्हटलं, आत्ती, पाचात वाटणी, मुलींना आता भावासारखाच हक्क आहे. ती म्हणाली, "ते मला म्हाईत हाय. ह्यांच्या तोंडनं ऐकायचं होतं."

तिनं घेतले, थोरल्या आत्तीनं पण घेतले, आणि घ्यायलाच पाहिजे होते, हिंदू वारसा कायद्याच्या 2005 च्या दुरुस्तीनंतर आणि 2020 च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालानंतर त्यात शंका नाही. कर्नाटकात तर 1994 लाच लग्न न झालेल्या मुलींना दिलेलं. कितीतरी घरांत ह्या सह्यांवरनं पैसे कोर्टात अडकलेत, हिश्श्याचा वाद निघाला की अधिकारी ते प्रकरण दिवाणी कोर्टाकडं पाठवतो आणि मग रस्ता होऊन जुना होतो तरी पैसे तिथंच. आमचं तसं झालं नाही. पण पैसे वाटले गेले आणि एका महिन्यात मधला काका म्हणाला की आता जमिनीचं पण करून टाकू, म्हणजे पुढं कटकट नको. जी जमीन आज्जाच्या काळापासनं एकत्र कसली, जिच्यात कुणाचा बांध नव्हता, ती पैशाच्या निमित्तानं मोजली गेली. एकतीसचे पाच भाग आणि सातचे पाच भाग. सात गुंठ्यांचे पाच! मी कॅल्क्युलेटर काढून दाखवला तेव्हा सगळे हसले आणि पलीकडचे सात थोरल्या काकाच्या गळ्यात घातले, त्याच्या अलीकडच्या वाट्यातनं तेवढे वजा करून. तो तयार झाला कारण तो एकटाच अजून चिखलात उतरतो. बाकीच्यांना रोड टचची आशा नव्हती असं नाही, पण पावसाळ्यात तिथं जायची पण तयारी नव्हती.

आता पाण्याचं, म्हणजे मूळ दुखणं.

आमच्याकडचं भात नाल्याच्या पाण्यावर नाही, पावसाच्या पाण्यावर. वरच्या शेतातलं पाणी बांधाला तोंड ठेवून खालच्या वाफ्यात सोडायचं, त्यातनं त्याच्या खालच्यात, असं करत करत शेवटी नाल्यात. कुणी तोंड कधी उघडायचं, कधी बुजवायचं ह्याचे कुठं लिहिलेले नियम नाहीत. आमच्या वरच्या अंगाला पाच-सहा जणांची शेतं, खालच्या अंगाला तेवढीच, एकानं रात्री गुपचूप तोंड बुजवलं की सकाळी शिव्या, दुपारपर्यंत मिटलं. सगळ्या शिवाराचं पाणी एक. उतारे वेगवेगळे.

रस्त्याचा भराव ह्या पाण्याच्या आडवा आलाय. दोन वर्षांपूर्वी जुलैत मोठा पाऊस लागला, काकाचा फोन आला, "ये की जरा, पाणी तुंबूलंय बघ." गेलो तर भरावाच्या वरच्या बाजूला तळं, आमचे आणि वरच्यांचे सगळे वाफे बुडालेले, नुसती टोकं दिसायला लागलेली, आणि खालच्या बाजूला काकाचे सात गुंठे भेगाळायला आलेले. एकाच दिवशी, एकाच पावसात! मोरी होती तिथं, सिमेंटची नवी कोरी. काकानं पाण्यात उतरून हात घातला आणि मला दाखवलं, मोरीचं तळ आमच्या वाफ्याच्या तळापेक्षा वीतभर वर. म्हणजे वीतभर पाणी कायम तुंबणार, मगच जास्तीचं पलीकडं जाणार. भाताला वीतभर पाणी आठवडाभर म्हणजे रोप गेलंच. त्या वर्षी परत रोप विकत आणून नट्टी लावली, तीही उशिरा.

साइटवर एक इंजिनियर होता, विजापूरकडचा कोवळा पोरगा, कन्नड-हिंदी आणि आमच्याकडं राहून शिकलेली मराठी अशी मिसळ बोलायचा. पोरगा चांगला, खोटं नाही बोलणार. त्यानं मोबाईलवर ड्रॉइंग उघडून दाखवलं. नाला जिथं रस्ता ओलांडतो तिथं मोठी मोरी, बरोबर. बाकी ठिकाणी ठराविक अंतरावर पाइप. मी म्हटलं आमचं पाणी इथनं येतं, ह्या वाफ्यातनं त्या वाफ्यात. तो म्हणाला, "अण्णा, ते नकाशात नाही की." आणि खरंच नव्हतं. गावनकाशात नाला असतो, पाणंद असते, सर्व्हे नंबरच्या रेषा असतात. एका शेतातनं दुसऱ्या शेतात जाणारं पाणी कुठल्याच नकाशात नसतं, कारण ते कुणाच्या मालकीचं नाही. कर्नाटकात उतारे ठेवणाऱ्या भूमी सॉफ्टवेअरला विचारा, मालक कोण, किती गुंठे, पीक काय, बँकेचा बोजा किती, सगळं सांगेल. पाणी कुणाकडनं येतं आणि कुणाकडं जातं ते फक्त काकाला माहीत.

शहराच्या ह्या बाजूला आधीच बळ्ळारी नाल्याचं रडगाणं आहे, जलपर्णी, कचरा, अतिक्रमणं, दर पावसाळ्यात नाल्याकाठची भातं पाण्याखाली. त्याच पट्ट्यात आडवा भराव घालताना शिवारातल्या लोकांना एक दिवस बांधावर बोलवून विचारलं असतं तर फुकटात सल्ला मिळाला असता.

पाणंदीचं पण तेच. ती उताऱ्यावर कुणाच्या मालकीची नाही, ती 'ब' खराब. माहीत नसणाऱ्यांसाठी सांगतो, कर्नाटकात उताऱ्यात खराबा दोन प्रकारचा, अ म्हणजे पिकायला निरुपयोगी, आणि ब म्हणजे वाट, नाला, सार्वजनिक वापराची जागा. ब खराब सरकारचा धरतात, त्याचे पैसे नाहीत. आमच्या पट्ट्यातला त्या वाटेचा भाग रस्त्यात गेला, त्याची भरपाई कुणालाच नाही, कारण तो कुणाचाच नव्हता. गाड्या मात्र सगळ्यांच्या त्याच वाटेनं जायच्या. गायरानांचं ह्याहून वाईट, एकेका गावचं गायरान कधी कुठल्या खात्याला गेलं हे तिथं कंपाउंड पडल्यावर कळतं. सुप्रीम कोर्टानं 2011 ला जगपाल सिंग केसमध्ये गावाच्या सामायिक जमिनींवरची अतिक्रमणं काढा म्हणून सगळ्या राज्यांना सांगितलेलं आहे, पण ते पुढाऱ्यांनी आणि बिल्डरांनी बळकावलेल्या जागांबद्दल. सरकारच सार्वजनिक कामासाठी घेतं तेव्हा गावानं दाद मागायची कुणाकडं?

ह्या बाबतीत मला खानापूरच्या जंगलातल्या लोकांचा कायदा आमच्यापेक्षा शहाणा वाटतो. 2006 च्या वनहक्क कायद्यात निदान गावाचा म्हणून हक्क आहे, चराईचा, मधाचा, वाटेचा, देवाच्या जागेचा, आणि तो ठरवायला ग्रामसभा. ओडिशात नियमगिरीच्या डोंगरावर 2013 ला सुप्रीम कोर्टाच्या सांगण्यावरनं बारा ग्रामसभा बसल्या आणि बाराच्या बारा नाही म्हणाल्या, खाण झाली नाही. कागदावर तेवढी ताकद आहे. प्रत्यक्षात भीमगड अभयारण्यातल्या तळेवाडीला काय चाललंय, तर कुटुंबाला पंधरा लाख घ्या आणि बाहेर या. लोकांनी होकार दिलाय हेही खरं, कारण रस्ता नाही, दवाखाना नाही, पावसाळ्यात आजारी माणूस खांद्यावरनं आणायचा, अशा ठिकाणी किती पिढ्या काढायच्या. अशा होकाराला स्वखुशी म्हणतात त्याचं मला अवघड वाटतं. आदिवासी म्हणून नोंद नसलेल्यांना वनहक्क पाहिजे तर तीन पिढ्या, म्हणजे पंचाहत्तर वर्षांचा पुरावा द्यायचा. ज्यांच्याकडं शाळेचा दाखला नाही ते 1930 चा कागद कुठनं आणणार. तरी तिथं ग्रामसभा नावाची चीज कायद्यात आहे. आमच्या शिवारात बासष्ट गुंठ्यांचा मालक आहे, एकशे दहा गुंठ्यांचा मालक आहे, शिवार म्हणून कोण नाही.

मी रस्त्याच्या विरोधात नाही, हे लिहिलं की आमच्याकडचे काही जण चिडतात. गोव्याला जाणारे ट्रक शहराच्या पोटातनं जातात ते मला पण नको, रोज त्याच ट्राफिकमधनं मी कामाला जातो. पण कुठनं आणि कसा न्यायचा हे विचारायला बांधावर यायला पाहिजे होतं. आलेच नाहीत म्हणून आता आम्ही त्यांच्या ऑफिसात जातोय.

आर्बिट्रेशनला आम्ही दर वाढवून मागितला तेव्हा सोबत तीन गोष्टी घातल्या. सात गुंठे तुटल्याचं नुकसान, मोरी खाली न्यायचा खर्च किंवा कायमचं पिकाचं नुकसान, आणि पलीकडं जायला वाट. वकील म्हणत होता एवढं नको, दरावर लक्ष देऊ. मी म्हटलं घाला. फोटो लावले, जुलैतले, तारखेसकट, काका कमरेएवढ्या पाण्यात उभा आणि मागं कोरडे सात गुंठे. वरच्या अंगाच्या चौघांनी पण मग तसेच अर्ज दिले, पाणी एकच असल्यामुळं फोटो पण तेच. त्यांना एकच सांगितलं, की मागणी नुसती "योग्य भरपाई मिळावी" अशी लिहू नका, रकाना भरेल असा आकडा लिहा, ट्रॅक्टरच्या जादा तासाचा, दुबार रोपाचा, वर्षाला किती आणि किती वर्षं.

गेल्या सुनावणीला समोरचा वकील म्हणाला की पलीकडचा तुकडा आता हायवेला लागून आहे, त्याची किंमत वाढलीय, नुकसान कसलं? मी कागद चाळायला लागलो, कारण जुन्या 1894 च्या कायद्यात स्पष्ट होतं की ज्या कामासाठी जमीन घेतली त्यामुळं बाकीच्या जमिनीची किंमत वाढेल असं म्हणून ते हिशेबात धरायचं नाही. पण मला ते कलम सापडायच्या आधीच काका उठला. त्याला उठायचं नाही म्हणून सांगून आणलेलं. म्हणाला, "साहेब, ह्यांस्नी गाडीतनं घेऊन चला, त्या रस्त्यावर थांबवा, आणि माझ्या शेतात उतरून दाखवा म्हणावं. उतरले तर केस मागं घेतो."

वकील हसला, साहेबही हसले, पण त्यांनी ते लिहून घेतलं. पुढच्या तारखेला मोरीच्या दोन्ही बाजूच्या वाफ्यांची तळपातळी मोजून लायसन्स असलेल्या सर्व्हेअरचा नकाशा आणा म्हणालेत. सर्व्हेअर येत्या शनिवारी येतोय, निम्मी फी आत्ती देते म्हणालीय.